अनुभव धागा: एका वर्षाची विज्ञान पदविका आणि तिच्या पुढचे शिक्षण

बी.एस्सी. झाल्यावर आमच्या चांदूर रेल्वे परिसरातील मुलामुलींसमोर साधारणपणे तीन वाटा असतात: बी.एड., स्पर्धा परीक्षा किंवा एखादी ‘एका वर्षाची पदविका’. पहिल्या दोन वाटांबद्दल गावात प्रत्येकाजवळ सल्ला असतो. तिसरीबद्दल मात्र ‘करून टाक, कामी येईल’ यापलीकडे कोणी काही सांगत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि दरवर्षी जून महिन्यात माजी विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात, की ही पदविका केल्यावर पुढे शिकता येते का. त्यात आता एक नवा प्रकार आला आहे. राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना नवे शैक्षणिक धोरण लागू झाल्यामुळे दोन वर्षांच्या एम.एस्सी.चे पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यालाही पदव्युत्तर पदविका मिळू शकते. म्हणजे पदविका कधी स्वतंत्र अभ्यासक्रम असतो, तर कधी मोठ्या अभ्यासक्रमाचा पहिला टप्पा असतो, आणि या दोहोंतून पुढे जाण्याचे नियम अगदी वेगळे आहेत. ज्यांनी अशी पदविका केली, त्यांनी प्रवेश, खर्च आणि मुख्यतः त्यानंतर काय झाले ते सविस्तर लिहावे, ही विनंती. महाविद्यालयांची नावे टाळावीत.

आरमोरी, जि. गडचिरोली

माझी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र या विषयांत झाली. त्यानंतर मी नागपूरला एका वर्षाचे डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका केली. घरून विरोध असा नव्हता, पण आईचा प्रश्न होता, ‘पुन्हा एक वर्स? मंग नवकरी कवा?’ त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते, कारण प्रयोगशाळा तंत्रज्ञाला तालुक्याच्या ठिकाणीही काम मिळते, आणि मला ते मिळाले.

पुढच्या शिक्षणाचा विचार पदविकेच्या वर्गात नव्हे, कामावर असताना सुरू झाला. आमच्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण पुष्कळ. तपासणी शिबिरात आम्ही सोल्युबिलिटी चाचणी करायचो: रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीच्या मागे धरलेल्या कागदावरच्या रेषा दिसतात की द्रावण गढूळ होऊन त्या झाकल्या जातात, एवढेच पाहायचे. गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे असे समजते, परंतु ती व्यक्ती केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण आहे, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी, म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युतक्षेत्राच्या साहाय्याने) किंवा एचपीएलसी करावी लागते. शिबिरात नमुना ‘पॉझिटिव्ह’ आला की आयाबाया विचारायच्या, ‘म्हणजे माझ्या पोराला नेमकं काय आहे?’, आणि मला ‘पुढची तपासणी होऊ द्या’ एवढेच म्हणता यायचे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे मी पदविकेत पाठ केले होते. पण त्या एका बदलामुळे विद्युतक्षेत्रात एस (सिकल) हिमोग्लोबिन ए (सामान्य) हिमोग्लोबिनच्या मागे का राहते, याचा विचार कधी केला नव्हता. तो करावासा वाटला म्हणून मी जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला अर्ज केला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. माझा प्रवेश बी.एस्सी.च्या गुणांवर झाला, त्यात डीएमएलटीचे गुण धरले गेले नाहीत आणि एम.एस्सी.चे एक वर्षही कमी झाले नाही. कागदोपत्री पाहिले तर पदविकेने मला पुढे एक पायरीसुद्धा चढवले नाही. पण शिक्षणाचा खर्च मी सुट्ट्यांमध्ये आणि रविवारी प्रयोगशाळेत काम करून भागवू शकले ते त्याच पदविकेमुळे, आणि वर्गात प्रात्यक्षिकाच्या वेळी पिपेट धरताना माझा हात थरथरत नव्हता. डीएमएलटीला प्रवेश घेण्यापूर्वी ती संस्था मान्यताप्राप्त आहे का आणि त्या पदविकेवर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हे लेखी पाहून घ्यावे. तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारे वर्गही ‘डीएमएलटी’ याच नावाने प्रवेश देतात.

वरूड, जि. अमरावती

माझा अनुभव संगणकाकडचा आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. केल्यावर मी अमरावती विद्यापीठाची संगणकशास्त्रातील एका वर्षाची पदव्युत्तर पदविका, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला पीजीडीसीएस म्हणतात ती केली आणि नंतर सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन एमसीएला, म्हणजे संगणकाच्या पदव्युत्तर पदवीला गेलो. ही पदविका केल्याशिवाय एमसीए करता येत नाही, असा आमच्या भागात समज आहे. तो खरा नाही. एमसीए २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले, आणि मी प्रवेश घेतला तेव्हा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला बारावीत किंवा पदवीला गणित असल्यास सीईटी देता येत होती. माझ्यासोबत पदविका केलेल्या जीवशास्त्राच्या एका मित्राचे गणित दहावीतच सुटले होते. पदविकेत त्याला माझ्यापेक्षा चांगले गुण होते, तरी त्या वर्षी त्याला अर्ज करता आला नाही, कारण गणिताच्या अटीची जागा पदविका घेत नव्हती. पात्रतेच्या अटींत वेळोवेळी बदल होतात, म्हणून मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला न विचारता चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचावी.

मग ते वर्ष कशासाठी? तर ज्याने पदवीपर्यंत संगणक केवळ महाऑनलाइनच्या केंद्रावर पाहिला, त्याला सी भाषा, डेटाबेस आणि ऑपरेटिंग सिस्टिम या गोष्टी सावकाश शिकायला ते वर्ष उपयोगी पडते. एमसीएच्या वर्गात बीसीए करून आलेली शहरातील मुले असतात आणि शिक्षक त्यांच्या वेगाने पुढे जातात. मी त्यांच्या मागे होतो, पण दिसेनासा होईल इतका मागे नव्हतो.

मूल, जि. चंद्रपूर

धागाकर्त्यांनी उल्लेख केलेल्या दुसऱ्या प्रकारातली मी आहे. २०२३-२४ मध्ये एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होते. बाबांचे आजारपण निघाले, धानाची शेती आणि घर दोन्ही सांभाळणे भाग होते, म्हणून दुसऱ्या सत्रानंतर थांबले. जुन्या पद्धतीत अशा विद्यार्थ्याच्या हाती दोन गुणपत्रिकांशिवाय काही राहत नसे. मला ४४ श्रेयांकांची (क्रेडिट्सची) पदव्युत्तर पदविका मिळाली.

नव्या रचनेत पहिल्याच वर्षात संशोधन पद्धती हा विषय आणि दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असते. ते मी माती परीक्षण प्रयोगशाळेत केले होते: सामू (पीएच), विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब. सेंद्रिय कर्बासाठी डायक्रोमेट हे रसायन घातलेल्या मातीच्या नमुन्याचे अनुमापन करताना, म्हणजे दुसरे द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजताना, रंग जांभळ्यावरून एकदम हिरव्यावर येतो, आणि तो एक थेंब चुकला की आकडा चुकतो. पदविका आणि हे प्रशिक्षण यांच्या बळावर मला अशाच एका प्रयोगशाळेत तात्पुरते काम मिळाले. पुढे दुसऱ्या वर्षाला परत प्रवेश घेतला आणि संशोधन प्रकल्पासाठी धानाच्या बांध्यांतील मातीचाच विषय निवडला.

परत येणे मात्र जितके सोपे सांगितले जाते तितके नाही. श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, साधारणपणे सात वर्षे ग्राह्य राहतात, हे खरे आहे. पण ते तुमच्या खात्यात महाविद्यालयाने भरलेले असावे लागतात, आणि माझे भरलेले नव्हते. बाहेर पडतानाच डिजिलॉकरमध्ये ते दिसतात का हे तपासून घ्यावे. दुसरे असे, की श्रेयांक शिल्लक असले तरी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाची जागा शिल्लक असेलच असे नाही, आणि मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला असेल तर काही विषय पुन्हा करण्याची तयारी ठेवावी लागते.

आर्वी, जि. वर्धा

पैशांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणाची रक्कम मिळते, आणि नागपूरसारख्या शहरासाठी ती वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते. परंतु अभ्यासक्रम किमान दोन वर्षांचा असावा, अशी अट आहे. त्यामुळे एका वर्षाच्या स्वतंत्र पदविकेला ही योजना लागू होत नाही, पण दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला तर लागू होऊ शकते. मी पदविकेचा अर्ज बाजूला ठेवून एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तो मुख्यतः या कारणाने. शुल्क कमी पाहून पदविका निवडणाऱ्यांनी खोलीभाडे आणि खानावळ यांचा हिशेब आधी करावा. नागपूर-अमरावतीत खरा खर्च तोच असतो.

दर्यापूर, जि. अमरावती

मुलीचे डीएमएलटी यंदा पूर्ण होत आहे आणि ती ग्रामीण भागातच नोकरी करू इच्छिते. आरमोरीच्या ताईंना विचारायचे आहे, की एम.एस्सी.च्या काळात प्रात्यक्षिकांची हजेरी सांभाळून त्यांनी रविवारचे काम नेमके कसे बसवले, आणि नोकरी सुरू झाल्यावर किती काळाने त्यांनी पुढच्या प्रवेशाचा निर्णय घेतला? आमच्याकडून नागपूरपेक्षा अकोला जवळ पडते, त्यामुळे तिकडचा कोणाचा अनुभव असल्यास तोही कळवावा.