मदत हवी आहे: दादाला पोलिसांनी लॉकअपऐवजी दवाखान्यात न्यावं म्हणून काय करू?

मुक्काम कोल्हापूर. दादाला स्किझोफ्रेनिया, पंधरा वर्षं गोळ्या चालू. गोळ्या घेतो तोवर माणूस सोन्यासारखा, भाच्याचं गणित घेतो, रंकाळ्यावर फिरून येतो. गणपतीनंतर त्यानं गुपचूप गोळ्या सोडल्या. मागच्या आठवड्यात एका वड्याच्या गाड्यावर 'पाण्यात औषध घालता' म्हणून भांडला, बरण्या फोडल्या. कुणीतरी ११२ ला फोन केला.

मी पोचले तेव्हा ठाण्यातल्या बाकावर बसलेला, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. हवालदार वाईट नव्हते, चहा पाजला होता. पण म्हणाले, "घरी न्या, नाहीतर उद्या कोर्ट, मग कळंबा जेल." तिसरं काही असतं हे त्यांच्या गावीच नव्हतं. साडीच्या पिशवीतली दादाच्या उपचारांची फाईल काढली, तर "ही डॉक्टरला दाखवा." गाडेवाल्याला भरपाई दिली, तक्रार टळली, रात्री दीडला घरी आलो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, हे घरी येऊन वाचलं. पुढच्या वेळी पोलिसांना नेमकं काय म्हणायचं? रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातच पाठवतात का? नुसतं रत्नागिरी म्हटलं की आई रडायला लागते.

पंचगंगाकाठ: ताई, आमच्या धाकट्यापायी हे सगळं बघून झालंय. फोनवर पहिलंच वाक्य "मानसिक आजार आहे, औषध सुटलंय" असं बोला, भांडणाचं नंतर. आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका वाटला, तर कलम १०० खाली पोलीस त्याला 'संरक्षणात' घेतात. ही अटक नव्हे. अशा माणसाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावंच लागतं. म्हणजे तुमच्यासाठी आधी सीपीआर, कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय. रत्नागिरीचं नंतर, डॉक्टरांना गरज वाटली तरच.

मात्र गुन्हा दाखल झाला तर तो कलम १०० नं पुसला जात नाही. मग पहिल्याच तारखेला वकिलाकरवी फाईल न्यायाधीशांपुढे ठेवा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत. आणि दादा बरा आहे तोवर त्याच्याकडून 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे आजारपणात उपचारांचं त्याच्या वतीनं बघणारं माणूस कोण, हे लिहून घ्या. साधा कागद, त्याची सही, बास. स्टॅम्पपेपर विकणाऱ्याचं ऐकू नका. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६.

मिसळवाला: अमेरिकेत मेम्फिसला १९८८ पासून निवडक पोलिसांना ४० तास हेच शिकवतात, मानसिक आजाराच्या माणसाला कसं सांभाळायचं ते, आणि माणूस आणला की दवाखान्यानं ताबडतोब ताब्यात घ्यायचा असं ठरलेलं. आपल्याकडं कायदा चांगला हाय, पण रात्री दीडला ड्युटीवरच्या हवालदाराला तो सांगणार कोण? कलम १०० ची छापील प्रत त्या साडीच्या पिशवीतच ठेवा.

धागाकर्ती: प्रत काढली, दोन. दादानं कालपासून गोळ्या परत सुरू केल्यात. कागद घेऊन शेजारीच बसलाय आणि विचारतोय, नाव तुझं घालू की आईचं? आई सत्तरीची आहे. दोघींची चालतात का?