हिवाळ्याच्या सुट्टीत दिवस नक्की जातात कुठे?

अर्धवट_वही

हाय सगळ्यांना, इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सेकंड इयरला आहे, परीक्षा झाली, सबमिशन झाली, हॉस्टेलची खोली आवरून घरी आले आणि आता जानेवारीत कॉलेज सुरू होईपर्यंत सुट्टीच सुट्टी. परीक्षेच्या आधी रोज ठरवायचे की सुट्टी लागली की हे वाचेन, ते शिकेन, शाळेतल्या मैत्रिणींना भेटेन, आणि आता सुट्टी आहे तर दिवस हातातच लागत नाहीयेत. पहाटे तीनला झोप येते, उठते तेव्हा दुपार, मग जेवण, थोडा फोन, आणि खिडकीतून बघावं तर अंधार पडत आलेला असतो. आज मंगळवार की बुधवार हे खरंच फोन बघितल्याशिवाय सांगता येत नाही. काल काय केलं असं कोणी विचारलं तर आठवायला वेळ लागतो, आणि परवाचं तर काहीच आठवत नाही.

कंटाळा आलाय असं नाही हं. उलट रात्री सगळे झोपले की डोकं मस्त चालायला लागतं, काय काय प्रश्न पडतात. म्हणजे दिवसा कधीच ऐकू न येणारी लांबची रेल्वे रात्री इतकी स्पष्ट कशी ऐकू येते? थंडीत पृथ्वी सूर्यापासून लांब जाते म्हणून थंडी पडते असं लहानपणी कोणीतरी सांगितलेलं ते खरं का? घरातल्या सगळ्यांचं रुटीन माझ्याशिवाय इतकं व्यवस्थित बसलंय, मग मी त्यात नक्की कुठे बसायचं? हा शेवटचा प्रश्न जरा वेगळा आहे पण तोही रात्रीच पडतो.

तर विचारायचं एवढंच की सुट्टीत असं दिवस विरघळल्यासारखं सगळ्यांनाच होतं का आणि का होतं? आणि प्लीज टाइमटेबल कर असं सांगू नका, वर्षभर टाइमटेबलच असतं. सुट्टी सुट्टीसारखी राहावी पण संपल्यावर ती झाली होती असं वाटावं, एवढंच हवंय.

सावलीतलं_झाड

होतं, सगळ्यांना होतं, आणि त्यातल्या पहाटे तीनच्या भागाबद्दल मी सांगू शकते कारण माझा एमएस्सीचा विषय त्याच्या जवळचा आहे. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते बरोबर २४ तासांचं नसतं, बहुतेकांचं २४ पेक्षा किंचित जास्त असतं. म्हणजे त्याला मोकळं सोडलं तर ते रोज थोडं थोडं मागे पडत जातं. एरवी ते रोज जुळवून घेतलं जातं आणि ते काम मुख्यतः करतो सकाळचा उजेड. सकाळचा उजेड घड्याळ पुढे ढकलतो आणि रात्रीचा उजेड मागे. आता तुझ्या दिवसाकडे बघ, सकाळचा उजेड शून्य, आणि रात्री खोलीतला दिवा आणि फोन. म्हणजे दोन्ही बाजूंनी ते मागेच चाललंय. त्यात विशीच्या आसपास माणसाचं घड्याळ आयुष्यातलं सगळ्यात उशिराचं असतं, नंतर हळूहळू अलीकडे येतं. त्यामुळे तुला कोणी आळशी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

अजून एक गोष्ट, खोलीतल्या उजेडाला आपण उजेड म्हणतो पण घरात साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशी सुद्धा हजारांत असतो आणि कडक उन्हात एक लाखापर्यंत जातो. डोळा लगेच सवय करून घेतो म्हणून हा फरक आपल्याला कळत नाही, घड्याळाला मात्र कळतो. त्यामुळे खिडकी बंद, पडदा ओढलेला आणि ट्यूबलाइट चालू हे त्याच्या दृष्टीने जवळपास संध्याकाळच.

हे घड्याळ आपल्या आतच असतं हे कळलं कसं त्याची गोष्ट मला फार आवडते. १७२९ मधे द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड पूर्ण अंधारात ठेवलं, आणि ऊन नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत होती आणि रात्री मिटत होती. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे फळमाश्यांमधे शोधणाऱ्या तिघांना नोबेल मिळालं ते २०१७ मधे. एका झाडाने टाकलेल्या प्रश्नाला एवढी वर्षं लागली!

टाइमटेबल नको म्हणतेस तर नको. उठल्या उठल्या, ते कितीही वाजता असो, अर्धा तास बाहेर जा. आणि अलार्म एकदम सातचा लावू नकोस, रोज थोडा थोडा अलीकडे आण, एकदम लावला की दिवसभर डोकं जड राहतं आणि मग दुपारी झोप काढली की रात्री परत तेच.

रिकामा_बाक

झाडाशी सहमत पण मला वाटतं झोप हा अर्धाच भाग आहे. मी मानसशास्त्र शिकतोय, मागच्या सुट्टीत सकाळी नियमित उठायचो तरी दिवस असेच विरघळायचे. कारण एक दिवस दुसऱ्यासारखाच असला की मन त्यांना वेगवेगळं साठवतच नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मधेच हे लिहून ठेवलंय, भरगच्च वेळ जाताना पटकन जातो पण मागे वळून बघितलं की लांब वाटतो, आणि रिकामा वेळ जाताना लांबतो पण मागे बघितलं की आखडलेला दिसतो. तुझं परवाचं काहीच आठवत नाही ते यातलंच.

मिशेल सिफ्रबद्दल वाचलं नसशील तर सांगतो. १९६२ मधे हा २३ वर्षांचा फ्रेंच मुलगा आल्प्समधल्या एका गुहेत जमिनीखाली जवळपास दोन महिने एकटा राहिला, घड्याळ नाही, सूर्य नाही, फक्त एक फोन ज्यावर तो झोपताना आणि उठताना वरच्यांना कळवायचा, आणि वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही असं ठरलेलं. १४ सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हिशोबाने तारीख होती २० ऑगस्ट! म्हणजे पंचवीस दिवस त्याच्या मोजणीतून गळालेच. आणि गंमत अशी की त्याचं शरीर बऱ्यापैकी नीट चाललं होतं, झोपणं उठणं साडेचोवीस तासांच्या आसपासच होतं. शरीराचं घड्याळ ठीक होतं, मनातली मोजणी मागे पडली. म्हणून म्हणतो की लवकर उठून सगळं सुटणार नाही.

माझ्या मते रोजच्या दिवसात एक तरी गोष्ट अशी हवी जी फक्त त्याच दिवशी झाली. मोठं काही नको, कधी न गेलेल्या रस्त्याने परत ये, कोणाला तरी हाताने पत्र लिही, लहानपणीची वही काढून वाच. आणि रात्री झोपायच्या आधी एक ओळ लिहून ठेव, आज काय वेगळं झालं एवढीच, बाकी डायरी वगैरे काही नको. मागच्या सुट्टीतल्या शेवटच्या आठवड्यात मी हे करायला लागलो आणि तोच आठवडा मला आज नीट सांगता येतो.

वरची_खोली

मला थोडं वेगळं म्हणायचंय. तुम्ही दोघं म्हणताय ते बरोबर असेल पण हिची सेमिस्टर आत्ता संपलीय. परीक्षेच्या काळात आपण सगळे चार चार तास झोपून दिवस काढतो, त्यानंतर पहिले काही दिवस शरीर नुसतं झोपत असेल तर झोपू द्या ना. प्रत्येक दिवस लक्षात राहिलाच पाहिजे हा पण एक अभ्यासच झाला. काही दिवस न आठवणारे असले तरी त्यांनी विश्रांती दिलेली असतेच. पहिला आठवडा पूर्ण सोडून दे आणि मग बाहेरचा उजेड, एक ओळ वगैरे जे करायचं ते कर.

सावलीतलं_झाड

@वरची_खोली मान्य, राहिलेली झोप आधी भरून काढावीच. फक्त ती अंधार पाडून रात्री लवकर काढली तर जास्त बरं, दुपारपर्यंत ताणून नको.

दोन_पोरांचा_बाप

मुली, तुझ्या शेवटच्या प्रश्नावर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय. माझा मोठा मुलगा हॉस्टेलला असतो, तोही सुट्टीत असाच दुपारी उठतो. तुला वाटतं घरच्यांचं रुटीन तुझ्याशिवाय बसलंय. बसवावं लागतं गं, नाहीतर रिकामी खोली रोज डोळ्यांसमोर येते. आणि तू आलीस की ते मोडायची आमची तयारी असते पण आम्ही बोलत नाही, कारण पोरगी थकून आलीय, झोपू दे असं एकमेकांना सांगत आम्ही दार हळू लावतो आणि तुला वाटतं आमचं आपलं चाललंय. दोन्हीकडून सांभाळून घेण्यात सुट्टी निघून जाते.

सल्ला नाही, विनंती समज. दिवसातलं एखादं काम घरातल्या कोणाबरोबर तरी कर. आमच्याकडे गेल्या वर्षी पोराने सहज जुन्या फोटोंचा डबा काढला आणि आजीला विचारून प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहिली. अर्ध्या लोकांची नावं मलाही माहीत नव्हती, आणि सांगणारी ती एकटीच आहे. ते काम अजून पुरं झालेलं नाही, या सुट्टीत तो परत बसलाय. रिकामा_बाक म्हणतात ती त्याच दिवशीची गोष्ट पण त्यात येतेच.

व्याधाचा_शेजारी

बाकीच्यांनी झोपेचं बघितलं, मी रात्रीच्या प्रश्नांचं बघतो कारण ते मला जास्त आवडले.

रेल्वेचा आवाज: थंडीत निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते आणि जमिनीजवळची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि लांबपर्यंत पोचतो. दिवसा बरोबर उलटं, जमीन तापलेली असते म्हणून आवाज वर निघून जातो. शिवाय रात्री बाकी गोंगाट नसतो.

पृथ्वी लांब जाते हे मात्र खरं नाही, उलट आहे! पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, साधारण १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि जुलैमधे सगळ्यात लांब, १५.२ कोटी. थंडी पडते ती आस साडेतेवीस अंशांच्या आसपास कललेली असल्यामुळे. डिसेंबरमधे उत्तर गोलार्ध सूर्यापासून पलीकडे कललेला असतो म्हणून ऊन तिरकं पडतं आणि दिवस छोटा होतो. सगळ्यात छोटा दिवस २१ किंवा २२ डिसेंबर, पण सूर्यास्त त्याच्या आधीपासूनच उशिरा व्हायला लागलेला असतो आणि सूर्योदय मात्र जानेवारीतही काही दिवस अजून उशिराकडेच सरकत असतो. त्यामुळे तुझ्यासारख्या दुपारी उठणाऱ्यांचं एका अर्थी बरंच आहे, तुमच्या वाट्याची संध्याकाळ तर लांबतच चाललीय.

आणि तू रात्री जागीच असतेस तर वर बघ ना! हे दिवस त्यासाठी वर्षातले सगळ्यात चांगले. मृग नक्षत्रातले एका ओळीतले तीन तारे शोध, ती ओळ दक्षिणेकडे वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. उलट दिशेला वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिकांचा पुंजका. नवीन वर्ष लागतं त्या सुमारास मध्यरात्री व्याध दक्षिणेला सगळ्यात उंच असतो. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षं लागतात, म्हणजे तू आज बघशील तो निघाला तेव्हा तू शाळेत होतीस. रोहिणीचा तर तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी निघालेला आहे, साधारण ६५ वर्षं.

अर्धवट_वही

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्यू. काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग आईला जाऊन विचारलं की मी झोपलेली असताना तुम्ही दार हळू लावता का, तर ती हो म्हणाली आणि मिक्सर पण मी उठेपर्यंत लावत नाही म्हणाली. मला हे माहीतच नव्हतं. आमच्याकडेही फोटो आहेत, माळ्यावर, उद्या उतरवते. पृथ्वीचं ऐकून बाबांना पण धक्का बसला, त्यांनाही लांब जाते असंच वाटत होतं.

@व्याधाचा_शेजारी, काल गच्चीवर गेले होते पण तीन तारे सोडले तर फार काही दिसलं नाही, नकाशा बघायला फोन हातात होता. शहराचा उजेड म्हणून का? आणि उल्का दिसतात का या दिवसांत?

व्याधाचा_शेजारी

शहराचा उजेड आहेच, पण फोन जास्त नडतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा स्क्रीन बघितला की परत पहिल्यापासून. नकाशा घरातच बघून घे, बघायचाच असेल तर स्क्रीन लाल आणि अगदी मंद कर. उल्कांचं म्हणशील तर १३-१४ डिसेंबरचा जेमिनिड्स हा उल्कावर्षाव होऊन गेला, तो सगळ्यात दमदार असतो. आता ३-४ जानेवारीच्या पहाटे क्वाड्रँटिड्स असतो, त्याचा जोर काही तासच टिकतो म्हणून तो हुकतोही, पण बघायला जा. पहाटे ईशान्येकडची बाजू मोकळी दिसेल अशी जागा बघ, चंद्र किती मोठा आहे ते आधी बघून ठेव आणि आडवं पडून बघ, मान दुखत नाही. बाबांनाही घेऊन जा, आणि पांघरुणं दोन घ्या.