गणेशोत्सवाच्या जिवंत देखाव्यात सेरेब्रल पाल्सी हा विषय कसा मांडावा?

नारायणपेठकर

नमस्कार. आमचे मंडळ लहान आहे, पण दरवर्षी एखाद्या सामाजिक विषयावर जिवंत देखावा सादर करण्याची आमची परंपरा आहे. यंदा कार्यकारिणीने सेरेब्रल पाल्सी हा विषय निवडला आहे, कारण एका कार्यकर्त्याच्या मुलीला ही अवस्था आहे आणि पेठेतले सुशिक्षित लोकही तिच्या आईला अजून "पोलिओचा डोस चुकला होता का?" असे विचारतात. संहितेचा कच्चा खर्डा तयार आहे. त्यात प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांच्या हलगर्जीपणामुळे बाळाला इजा होते, आईवडील वणवण फिरतात आणि शेवटी बाप्पाच्या कृपेने मूल उठून चालू लागते. हे वैद्यकीय दृष्ट्या कितपत योग्य आहे, आणि गर्दीत जेमतेम दहा मिनिटे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाने कोणती माहिती घेऊन जावी, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

कर्वेनगर_फिजिओ

खर्ड्याची सुरुवात आणि शेवट, दोन्ही बदलावेत असे मी स्पष्टपणे सुचवेन.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल, तोल आणि शरीराची ठेवण यांवर होणारा कायमचा परिणाम. इंग्लंडमधील विल्यम जॉन लिटल या शल्यचिकित्सकांनी एकोणिसाव्या शतकात या अवस्थेचे वर्णन करताना तिचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला, आणि सर्वसामान्यांच्या मनात तेच कारण आजवर घट्ट बसले आहे. बाळ जन्मताना गुदमरणे हे एक कारण आहेच आणि आपल्याकडे ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही. परंतु अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भावस्थेतील जंतुसंसर्ग, मेंदूच्या वाढीतील दोष, नवजात बाळाची वेळेवर उपचार न झालेली तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर ही कारणेही तितकीच खरी आहेत, आणि अनेकदा नेमके कारण सापडतही नाही. केवळ हलगर्जीपणा दाखवलात, तर प्रेक्षकांतील प्रत्येक आई आपल्या बाळंतपणात दोषी कोण, एवढेच शोधत घरी जाईल.

आता शेवटाविषयी. मेंदूची मूळ इजा वाढत नाही, पण ती पुसलीही जात नाही. मूल वाढते तसे ताठर स्नायू हाडांच्या वाढीला पुरे पडत नाहीत, खुबा सरकू शकतो, आणि म्हणून व्यायाम, स्प्लिंट, ताठरपणा कमी करणारी औषधे, प्रसंगी शस्त्रक्रिया हे सर्व वर्षानुवर्षे चालते. काही मुले आधाराशिवाय चालतात, काही वॉकर घेऊन, काही आयुष्यभर चाकाच्या खुर्चीत बसतात. चालता येणे हाच सुखान्त ठरवला, तर तिसऱ्या गटातील मुलांनी तुमच्या देखाव्यासमोर उभे राहून काय समजावे?

धायरीची_आई

माझ्या मुलाचे निदान दीड वर्षाचा असताना झाले. तोपर्यंत घरातील प्रत्येकाकडे एकच उत्तर तयार होते: "याचे वडीलही उशिराच चालले होते." हे वाक्य देखाव्यात जरूर घ्या, कारण मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक पालकाने ते कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलेले आहे. आमच्याकडे सर्वांत आधी शंका आली ती बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना. तेल लावताना याचे पाय ताठ होतात, एकावर एक चढतात आणि लंगोट बांधताना मांड्या सहज फाकत नाहीत, असे त्या चौथ्या महिन्यातच म्हणाल्या होत्या. त्यांच्या बोलण्याकडे मात्र कोणी लक्ष दिले नाही. डॉक्टरऐवजी त्यांनाच मुख्य पात्र करता आले तर पाहा.

कर्वेनगरच्या ताईंनी लक्षणेही लिहावीत, ही विनंती. आणखी एक गोष्ट: निदान होताच नातेवाइकांकडून मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांच्या जाहिराती येऊ लागतात. त्यासाठी दागिने मोडलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यावर एखादा संवाद असावा.

कर्वेनगर_फिजिओ

न्हाऊ घालणाऱ्या बाईंची कल्पना मला फार आवडली, आणि ती वैद्यकीय दृष्ट्याही अचूक आहे. त्यांच्या तोंडी पुढील गोष्टी घालता येतील: चौथा महिना उलटला तरी बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरते आणि दुसऱ्याची मूठ आवळून धरते. पहिल्या वाढदिवसाआधी बाळ डावखुरे दिसू लागले, तर घरात त्याचे कौतुक होते. खरे म्हणजे त्या वयात उजवा-डावा ठरलेला नसतो आणि म्हणून तपासणी आवश्यक असते. अनुभवी तज्ज्ञाला पहिल्या सहा महिन्यांतही निदान करता येते, आणि मेंदूची जुळवून घेण्याची क्षमता त्या काळात सर्वाधिक असल्याने तेव्हा सुरू केलेल्या उपचारांचा उपयोग अधिक होतो. मूलपेशींबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: सेरेब्रल पाल्सीसाठी तो मान्य उपचार नाही, आणि मान्यताप्राप्त चाचणीबाहेर तो देता येत नाही.

खुर्चीवाला_पुणेकर

मला स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे. मी चाळिशीत आहे आणि सॉफ्टवेअर तपासणीचे काम करतो. आतापर्यंतच्या चर्चेत सगळीकडे लहान मूलच आहे. आम्ही मोठेही होतो, ही बातमी बहुधा पेठांपर्यंत पोहोचलेली नाही.

माझे उच्चार अडखळतात, त्यामुळे बँकेत माझ्याऐवजी माझ्या सोबत आलेल्या माणसाला "यांना काय हवे आहे?" असे विचारले जाते. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना बौद्धिक अक्षमता असते, निम्म्यांना नसते, आणि ती असो वा नसो, समोरच्याशी थेट बोलायला हरकत काय? जिवंत देखाव्याचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात ना? मग त्यातला एक आवाज आमच्यापैकी कोणाचा तरी असू द्या, आणि तो "स्पष्ट" करण्यासाठी पुन्हापुन्हा मुद्रित करू नका.

शिवाय मांडवाला उतार करा. सर्वसाधारण प्रमाण एकास बारा असते, म्हणजे चौथरा एक फूट उंच असेल तर उतार बारा फूट लांब हवा. आमच्यावरचा देखावा आम्हालाच रस्त्यावरून पाहावा लागला, तर मी तरी येणार नाही.

निवृत्त_समाजसेवक

थोडी भर घालतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये नमूद केलेल्या 21 प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करता येतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही अंतर्भाव आहे. अंगणवाडीत येणारी बालआरोग्य तपासणीची पथकेही अशा मुलांना पुढे पाठवतात. हे सर्व ध्वनिफितीत न घालता फलकावर मोठ्या अक्षरांत लावा. लोक मोबाइलवर फोटो काढून नेतात.

नारायणपेठकर

सर्वांचे आभार. कार्यकारिणीची बैठक काल झाली. हलगर्जीपणाचा प्रसंग आणि शेवटचा चमत्कार, दोन्ही काढले आहेत, पण एका ज्येष्ठ सदस्यांचा "मग बाप्पा कुठे आहे?" हा आक्षेप अजून मिटलेला नाही. मुख्य पात्र न्हाऊ घालणाऱ्या बाईंचे राहील आणि दुसऱ्या प्रसंगात तेच मूल मोठे होऊन बँकेत स्वतःचे काम स्वतः सांगताना दिसेल. गल्ली अरुंद असल्याने बारा फुटांचा उतार बसत नाही, म्हणून चौथरा अर्ध्या फुटावर आणून सहा फुटांचा उतार करणार आहोत. खुर्चीवाला_पुणेकर, बँकेतल्या ग्राहकाचा आवाज आपण द्याल का? ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ तळमजल्यावर आहे आणि दाराला उंबरा नाही, हे पाहून आलो आहे.

खुर्चीवाला_पुणेकर

देईन. संवाद मात्र मी स्वतः लिहीन.