पीसी सकाळी चालू होत नाही, दुपारी होतो. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेलाय की मदरबोर्ड?

झेरॉक्सवाला_कराड:
मंडळी जरा डोकं लावा. आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, तिथला पीसी २०१५ चा, आय३ चौथी जनरेशन, एच८१ मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड नाही. महिना झाला सकाळी दुकान उघडलं की चालूच होत नाही. बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घेतो आणि गप्प, परत दाबा परत तेच, दहा-पंधरा वेळा दाबल्यावर कधीतरी लागतो आणि एकदा लागला की रात्रीपर्यंत काही तक्रार नाही. दुपारी जेवायला जाताना शटडाऊन केला तरी आल्यावर पहिल्या दाबात चालू. सातबारा काढायला लोक नऊपासून उभे आणि मी बटण दाबत बसलोय, अण्णा म्हणतात अगरबत्ती लाव. रॅम काढून खोडरबरने घासली, बोर्डावरचा सेल बदलला, फरक शून्य. दुरुस्तीवाल्याने एसएमपीएसच्या हिरव्या वायरला तार लावून पंखा फिरवून दाखवला, म्हणाला हा ओके, बोर्ड गेलाय, साडेपाच हजार. बोर्ड गेलाय तर दुपारी कसा चालतो विचारलं तर म्हणे थंडीने होतं. जुलैत?

जुगाडू_इंजिनिअर:
आधी कॅबिनेटचं बटण तपास. बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना असतात ना, ती वायर काढ आणि पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकव. तसा लगेच लागला तर बटणच खराब, पन्नास रुपयात काम.

झेरॉक्सवाला_कराड:
केलं आत्ता. टेकवलं तरी तेच, अर्धी गिरकी.

सोल्डरिंग_काका:
रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडता का?

झेरॉक्सवाला_कराड:
हो काका, अण्णा पाडतातच. शॉर्टसर्किटची भीती. का हो?

सोल्डरिंग_काका:
मग बोर्डाला हात लावू नका. पीसी शटडाऊन असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएसमधला एक छोटा भाग जागाच असतो, तो जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देत राहतो आणि त्याच्या जोरावर बोर्ड बटणाची वाट बघतो. या भागातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) दहा वर्षांत सुकतात. सुकलेला कपॅसिटर गार असताना नीट काम करत नाही, थोडा तापला की गाडी रुळावर येते. रात्रभर मेन बंद म्हणजे सगळं थंडगार, दुपारी भिंतीवरचं बटण चालूच राहतं म्हणून लागतो. आणि तार लावून पंखा फिरला याचा अर्थ पंखा फिरला एवढाच, लोड नसताना मरायला टेकलेला एसएमपीएससुद्धा पंखा फिरवतो.
उद्या सकाळी पीसी चालू न करता मोजा. मल्टिमीटर डीसी २० वर, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला, लाल प्रोब २४ पिनच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने जांभळ्या वायरीच्या कडेने आत. कनेक्टर बोर्डाला लावलेलाच ठेवा, सुटा मोजलात तर ५ दाखवेल आणि फसाल. प्रोब सरकून शेजारच्या पिनेला लागू देऊ नका. ४.७५ च्या खाली आलं तर निकाल लागला.

झेरॉक्सवाला_कराड:
काका पायाचा फोटो पाठवा!! सकाळी मेन चालू केल्या केल्या ४.२१, बटण दाबलं की ३ च्या घरात कोसळतंय. काही न करता तसंच सोडलं, चहा पिऊन आलो, पाऊण तासाने ४.८२ आणि पहिल्या दाबात चालू. आता उघडून तो कपॅसिटर बदलू का? सोल्डरिंग थोडंफार जमतं.

सोल्डरिंग_काका:
नको. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. मी स्वतः एकदा खाल्लाय, कोपरापर्यंत हात बधिर.

जुगाडू_इंजिनिअर:
+१. तुझ्या मशीनला दोनशे वॅटसुद्धा लागत नाहीत त्यामुळे आकड्यामागे धावू नको, ८० प्लस ब्रॉन्झवाला (कमी वीज वाया घालवतो असा शिक्का असलेला) ४५० वॅटचा एसएमपीएस घे. कॅबिनेटसोबत फुकट येतात त्यांच्यावर ४५० लिहिलेलं असतं पण हातात घेतला की पुठ्ठ्याचा डबा वाटतो. जुना काढायच्या आधी फोटो काढ. २४ पिनचा खटका दाबूनच ओढ, प्रोसेसरजवळचा ४ पिनचा विसरू नको, तो राहिला तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी, मग लोक नवा एसएमपीएस परत करायला पळतात. आणि अर्थिंग बघून घे रे.

झेरॉक्सवाला_कराड:
अर्थिंगवरून आठवलं, पावसात अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. तेही एसएमपीएसमुळेच?

सोल्डरिंग_काका:
एसएमपीएसचा त्यात दोष नाही. फिल्टरचे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग असेल तर तो करंट निघून जातो, नसेल तर तुमच्यातून जातो. नवा बसवलात तरी येणारच. वायरमन बोलवा.

झेरॉक्सवाला_कराड:
बसला! एकोणतीसशेला पडला. चार स्क्रू, वीस मिनिटं, त्यातली दहा धूळ काढण्यात. आज मेन चालू करून लगेच बटण दाबलं, लागला. वायरमन रविवारी येतोय. फक्त एक वायर उरलीय, टोकाला ६ आणि २ पिना, कुठेच बसत नाही. चुकलं का काही?

जुगाडू_इंजिनिअर:
ती ग्राफिक कार्डची. बांधून ठेव पंख्यापासून लांब, आणि प्रोसेसरजवळच्या ४ पिनच्या सॉकेटमध्ये कोंबू नको म्हणजे झालं.