प्रिंट काळपट आणि निळसर येताहेत. चूक माझी, स्क्रीनची की लॅबची?

मंडळी, मदत हवी आहे, आणि जरा घाईची आहे.

यंदा सोसायटीच्या गणपतीत फोटोंचं छोटं प्रदर्शन लावायचं ठरलंय. "तू नाहीतरी कॅमेरा घेऊन हिंडतच असतेस" म्हणत आठ फोटो माझ्या गळ्यात घातले. बारा बाय अठरा इंची. हौशी माणसाला आणखी काय हवं? मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. परवा नमुन्यादाखल चार प्रिंट काढून आणले आणि पाकीट उघडल्यावर पोटात गोळाच आला.

एकेक सांगते.

सीएसएमटीचा फोटो महापालिकेच्या इमारतीसमोरच्या सेल्फी पॉइंटवरून काढलाय, संध्याकाळी दिवे लागल्यावर, पण आकाशात अजून निळं शिल्लक असताना. एफ/८, आयएसओ १००, ८ सेकंद. तिथल्या गर्दीत ट्रायपॉड उभा करणं म्हणजे दिव्यच, पण फोटो साधला. लॅपटॉपवर दगडाचा तो मधासारखा रंग, घुमट, खालून गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा, सगळं दिसतं. प्रिंटमध्ये कमानींच्या आतलं नक्षीकाम गडप आणि दगड सिमेंटच्या रंगाचा.

मरीन ड्राइव्हची तर आणखीच तऱ्हा. २०१५ साली तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते, तेव्हा लोकांनी केवढा ओरडा केला होता आठवतंय ना? माझ्या प्रिंटने तो पराक्रम पुन्हा करून दाखवलाय.

तिसरा वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावरचा. तिथली मोठी घंटा मूळची वसईची, चिमाजी आप्पांच्या मोहिमेनंतर आलेली, म्हणून मुंबईच्या प्रदर्शनात तिला वशिल्याने घुसवली. प्रिंटमध्ये ती घंटा स्टीलच्या पातेल्यासारखी दिसतेय.

गंमत म्हणजे चौथा, बाणगंगेचा, काळपट आहे खरा, पण रंगाला अगदी ठीक. त्याच लॅबमध्ये, त्याच दिवशी, त्याच कागदावर!

लॅबवाल्याशी थोडी हुज्जत झाली. तो म्हणतो, "मॅडम, फाइलच तशी आहे, आम्ही काही करेक्शन केलेलं नाही." करेक्शन करू नका हे मीच सांगितलं होतं, त्यामुळे पुढे बोलायची सोय राहिली नाही. फोनवर पाहिलं तर तिथेही फोटो किंचित निळसर वाटतात, पण फोन रंग भडक करून दाखवतो म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढते, लाइटरूममध्ये एडिट करते. पिक्सेल कमी पडायचं कारण नाही. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, लांबीला ६००० पिक्सेल, म्हणजे अठरा इंचांत इंचाला ३३३ पडतात. नवा मॉनिटर घेण्याइतकं बजेट नाही आणि एका प्रदर्शनासाठी घेणारही नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा. (प्रिंटवरही टाकलात तरी चालेल.)

सव्वापाचची फास्ट:
लॅपटॉपचा ब्राइटनेस किती ठेवता? पूर्ण असणार, पैज लावतो. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद पडेल तेवढाच परत देतो. प्रिंटसाठी एडिट करताना स्क्रीन साधारण ८० ते १२० कॅन्डेला (दर चौरस मीटरला, हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवतात. बरेच लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसला याच्या दुप्पट-तिप्पट जातात. भगभगीत स्क्रीनवर फोटो "पुरेसा उजळ" वाटतो, मग आपण एक्स्पोजर वाढवत नाही, उलट थोडं खालीच ओढतो. सीएसएमटीच्या फाइलचा हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत अंधार किती (डावीकडे) आणि उजेड किती (उजवीकडे) ते दाखवणारा आलेख. सगळा डोंगर डावीकडे असेल तर लॅबवाला निर्दोष.

धागाकर्ती:
पैज जिंकलात. पूर्ण ब्राइटनेस, आणि डोंगर डावीकडेच आहे. संध्याकाळचा फोटो म्हणून तसं असेल अशी स्वतःची समजूत घातली होती.

ससून डॉकचा बोका:
काळपटपणाचा उलगडा झाला, पण निळसरपणाचं काय? एक्स्पोर्ट कुठल्या रंगपद्धतीत केलंत, अ‍ॅडोबी आरजीबीत की नेहमीच्या एसआरजीबीत? नाही, थांबा, अ‍ॅडोबीचा घोळ असता तर रंग फिके, मरगळलेले झाले असते. असे निळे नाही. आणि मग बाणगंगा कशी सुटली?

धागाकर्ती:
सगळे एसआरजीबीच. तपासलं.

जुना रोलवाला:
ताई, एक विचारतो. बाणगंगेचा फोटो एडिट करायला किती वाजता बसला होतात?

धागाकर्ती:
हे काय विचारणं झालं! रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर. बाकीचे रोज रात्री लेक झोपल्यावर, म्हणजे साडेदहा-अकरानंतर. का?

जुना रोलवाला:
लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये नाइट लाइट बघा. सूर्यास्तानंतर आपोआप सुरू व्हायला लावलेला असेल. तो स्क्रीनचा निळा कमी करतो, म्हणजे पडदा पिवळा होतो. डोळे त्याला पाचेक मिनिटांत सरावतात, पण हात सरावत नाही, तो टेंपरेचरचा (फोटो निळा-पिवळा करायचा) स्लायडर निळ्याकडे ओढत राहतो. पडद्यावर मस्त दिसतं, फाइल मात्र निळी होऊन बसते. फोन खरं बोलत होता. खात्री करायची तर रात्री स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर पाहा. नाइट लाइट स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही.

धागाकर्ती:
अहो, कपाळावर हात मारून घेतला! मागच्या वर्षी डोळे चुरचुरायचे म्हणून नवऱ्याने लावून दिला होता, मी साफ विसरून गेले.

काल दुपारी बसून तिन्ही फोटो पुन्हा केले. शेजारी कोरा पांढरा कागद धरून स्क्रीन त्याच्याइतकीच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणला. बराच खाली आणावा लागला, आणि तेव्हा कळलं की कमानींमध्ये खरंच अंधार होता. शॅडो उचलल्या (अंधारे भाग उजळले), व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा निळा-पिवळा तोल, पहिल्यापासून केला. मोठे प्रिंट न काढता आधी चार बाय सहाचे काढून आणले. घंटा पुन्हा धातूची झालीय, मरीन ड्राइव्हला पिवळेपणा आला. सीएसएमटी अजून जरासं काळं वाटतंय, पण ते मी घरात बल्बखाली पाहिलं.

आता शेवटचा प्रश्न. हॉलमध्ये डोक्यावर ट्यूबलाइटच्या दोन रांगा आहेत. ग्लॉसी घेऊ की मॅट?

ससून डॉकचा बोका:
ग्लॉसी घेतलंत तर सीएसएमटीवर ट्यूबलाइटच दिसेल. मॅटवर काळा रंग थोडा मवाळ पडतो, तुमच्या संध्याकाळच्या फोटोंना ते मारक. लस्टर मागा, ग्लॉसी आणि मॅटच्या मधला कागद. आणि तो चार बाय सहाचा प्रिंट हॉलमध्ये नेऊन, ट्यूब लावून, भिंतीवर टेकवून बघा. सीएसएमटी उचलायचं की नाही ते तिथे ठरवा, घरातल्या बल्बखाली नको.

जुना रोलवाला:
सहमत. आणि लॅबवाल्याला एकदा खरं कारण सांगून टाका. त्याच्याकडे रात्रीचे एडिटवाले रोज येत असणार.