एज ऑफ एम्पायर्स २ : फ्युडलला पोचायच्या आधीच भाचा घुसतो, काय चुकतंय?

मंडळी, मदत हवी आहे.

कॉलेजात असताना १९९९ चा एज ऑफ किंग्ज हा कॉम्प्युटर गेम (एज ऑफ एम्पायर्स २ चं मूळ रूप) खूप खेळलो, पण कायम कॉम्प्युटरविरुद्ध आणि तेही ईझीवर. आता त्याची नवी आवृत्ती, डेफिनिटिव्ह एडिशन, घेतली, कारण बारावी संपवून घरी बसलेला भाचा म्हणाला, "मामा, येतोस का एक गेम?" सलग सात गेम हरलो आहे.

मॅप अरेबिया, माझी संस्कृती हिंदुस्तानी, त्याची गुर्जर किंवा जी मिळेल ती. माझा क्रम असा: सुरुवातीला सहा व्हिलेजर (कामकरी) मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर, मग मिल (फूड जमा करायची इमारत) टाकून बेरी गोळा करायच्या. १६ व्हिलेजर झाले की थांबतो, कारण फ्युडलला (सुरुवातीच्या डार्क एजनंतरच्या युगात) जायला ५०० फूड साठवायचं असतं. तरी फ्युडलचं बटण क्लिक व्हायला ११ मिनिटं लागतात. तेवढ्यात त्याचे तीन स्काउट (घोडेस्वार) येऊन लाकूडतोडे कापायला लागतात. मी घंटा वाजवून सगळ्यांना टाउन सेंटरमध्ये (व्हिलेजर जिथे तयार होतात त्या मुख्य इमारतीत) कोंबतो, तो बाहेर फेऱ्या मारत बसतो. भालेवाले काढावेत तर ते फ्युडलशिवाय मिळत नाहीत.

लूम (व्हिलेजरना टणक करणारी सुधारणा) करत नाही, ५० गोल्ड जातं म्हणून. (काल रानडुकरानं एक व्हिलेजर मारला, ते वेगळंच.)

१४ व्हिलेजरवरच क्लिक करावं का? की आधी भिंत घालावी?

प्रतिसाद १
१४ नको दादा, उलट जा. हिशोब करा: एक व्हिलेजर २५ सेकंदांत निघतो. तीन आयते मिळतात, म्हणजे १६ साठी १३ काढायचे. ३२५ सेकंद, साडेपाच मिनिटंही नाहीत. तुम्ही क्लिक करता ११ ला. मधली साडेपाच मिनिटं टाउन सेंटर रिकामं उभं! त्यात आणखी १३ निघाले असते. तुम्ही फूड वाचवत नाही, फूड आणणारी माणसं वाचवताय.

व्हिलेजर ५० फूडचा (हिंदुस्तानींना त्याहून स्वस्त), थोड्याच वेळात पैसे फेडतो. २१-२२ लोकसंख्येपर्यंत अजिबात थांबू नका, क्लिक आठ-साडेआठ मिनिटांना पडेल. दोन्ही रानडुकरं टाउन सेंटरखाली आणून मारा, एकेकाचं ३४० फूड आहे, तिथूनच ५०० जमतं. ओढून आणण्याआधी लूम करा, कालचा व्हिलेजर वाचला असता. फ्युडलला डार्क एजच्या दोन इमारती लागतात, घरं त्यात धरत नाहीत. मिल आणि लाकडाचा कॅम्प पुरे.

प्रतिसाद २
तीन स्काउटसाठी घंटा वाजवणं म्हणजे चोर अंगणात आला म्हणून आख्खं गाव बंद करणं. ज्यांच्यावर हल्ला झालाय तेवढेच आत घाला, बाकीचे काम करू देत. फ्युडलला क्लिक केल्यावर लगेच बरॅक (भालेवाले जिथून निघतात ती इमारत) टाका, फ्युडल लागताच दोन भालेवाले लाकडापाशी उभे करा. तो स्काउट घेऊन दुसरीकडे जाईल. तेव्हा बेरी गोळा करणाऱ्यांकडे लक्ष ठेवा, माझे नेहमी तिथेच मरतात.

धागाकर्ता
काल रात्री रेकॉर्डिंग लावून पाहिलं. थांबलेलं टाउन सेंटर बघवत नव्हतं, शिवाय चार वेळा घर नाही म्हणून उत्पादन अडकलं होतं. आज २१ वर क्लिक, ९ मिनिटं १० सेकंद. हरलोच, पण ४० मिनिटं चालला गेम, आणि भाच्यानं विचारलं, "मामा, कुणाकडून शिकलास?"

आता तो म्हणतो पुढच्या वेळी धनुर्धारी काढणार. त्याला उत्तर काय, स्कर्मिशर (हलके भाले फेकणारे) का?