मदत हवी आहे: आमेन ब्रेक कापला की त्यातला जीवच जातो

नमस्कार मंडळी,

पंधरा दिवस एकाच लूपशी झटतेय. आई आता विचारते, "तुझी ती ठकठक संपली का?" म्हणून इथे आले.

सध्या जंगल शिकतेय (नव्वदीतलं लंडनचं संगीत, झाडंझुडपं नव्हेत). ब्रेक (गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा) नेहमीचाच घेतलाय: द विन्स्टन्सच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेले ते चार बार (एक बार म्हणजे चार ठोके). मूळ टेम्पो साधारण १३७ बीपीएम (मिनिटाला ठोके), माझा ट्रॅक १६५ वर. सॅम्पलरला (रेकॉर्डिंगचे तुकडे वाजवणारं साधन) आघात ओळखायला लावले, त्याने चाळीसेक तुकडे करून दिले. ते पॅडवर वाजवून रेकॉर्ड केले आणि सगळं बारच्या सोळाव्या भागाच्या ग्रिडवर शंभर टक्के क्वांटाइझ केलं (प्रत्येक ठोका ओढून नेमक्या रेघेवर बसवला).

ऐकलं तर शिलाई मशीन! मुळात दुसऱ्या ठोक्यावरच्या स्नेअरनंतर (कडक आवाजाचा ड्रम) जे दोन दबके ठोके येतात, ज्यांच्यामुळे तो ताल डुलतो, ते माझ्याकडे नुसते टकटक करतात. क्वांटाइझ काढलं तर अडखळतं, कारण माझी बोटं काही कोलमनची नाहीत. रोल (एकच ठोका भराभर) टाकले की राइडचा, म्हणजे सतत वाजणाऱ्या झांजेचा, चिखल होतो. सॅम्पलर एकावेळी एकच आवाज वाजवेल असं करून पाहिलं, तर चिखल गेला पण टिक्-टिक् सुरू झाली.

नक्की कुठे चुकतंय? कृपया "कान तयार करा" एवढंच सांगू नका, तो सल्ला मिळून झालाय.

प्रतिसाद १

आधी आकडेमोड करू. १३७ ला सोळावा भाग साधारण ११० मिलिसेकंदांचा, १६५ ला ९१ चा. म्हणजे तुमचा प्रत्येक तुकडा त्याच्या जागेपेक्षा १९ मिलिसेकंद लांब आहे. अनेक आवाज एकदम वाजू दिले की शेपट्या एकमेकांवर चढतात, तोच तुमचा चिखल. एकच आवाज ठेवला की शेपटी मध्येच तुटते, तीच टिक्-टिक्.

टाइम-स्ट्रेच (सूर तोच ठेवून लांबी बदलणं) करू नका. सगळा ब्रेक वेग वाढवून तीन सेमिटोन (पेटीच्या तीन पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या धरून) वर चढवा. तुकडा आपोआप ९२ मिलिसेकंदांच्या आसपास येतो, जागेत बसतो. जंगलमधली ती कडक, चिरकी स्नेअर अशीच तर आली: लूप वेगात चालवला की सूरही चढतो. मग एकच आवाज ठेवा आणि तुकड्याच्या शेवटी दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज तुटण्याऐवजी उतरत जाईल. सुरुवातीला अजिबात नको, स्नेअरचं टोक बोथट होईल.

प्रतिसाद २

ताई, वरचं सगळं बरोबर, पण खरा घोळ चाळीस तुकड्यांत आहे. इतकं बारीक कशाला चिरायचं? मी तबल्यातून इकडे आलो, त्यामुळे मला हे बोलांसारखं दिसतं. 'तिरकिट' चार अक्षरं सुटी करून परत जुळवलीत तर तिरकिट राहत नाही. तो स्नेअर आणि त्यामागचे दोन दबके ठोके हा एक बोल समजा, एकच तुकडा ठेवा. त्यांच्यातलं अंतर कोलमनच्या हातातलं आहे, ते ग्रिडला देऊ नका. तुकड्याचं फक्त पहिलं टोक ग्रिडवर बसवा.

चार बारचे दहा-बारा तुकडे पुरतात. तिसऱ्या बारमधली उशिरा पडणारी शेवटची स्नेअर आणि चौथ्या बारचा रिकामा पहिला ठोका वेगळे काढून ठेवा, सगळी गंमत तिथे आहे.

आणि पॅडला हात लावण्याआधी तोंडाने म्हणा. मी फिल (बार संपताना भरायची जागा) तिहाईने, म्हणजे तोच तुकडा तीनदा घेऊन, भरतो: बारच्या तिसऱ्या सोळाव्या भागापासून पाच-पाचचे तीन तुकडे, शेवटचा ठोका बरोबर पुढच्या बारच्या एकवर. ड्रम अँड बेसवाल्या (जंगलचंच पुढचं रूप) मित्राला ऐकवलं तर म्हणाला, हे कुठल्या प्लगिनमध्ये आहे?

धागाकर्ती

दोघांनाही साष्टांग! काल रात्री अकरा तुकडे केले, तीन सेमिटोन चढवले. पहिल्यांदाच मान आपोआप हलली. तिहाई अजून जमत नाही, दुसऱ्या पाचावर घसरते, पण तोंडाने म्हणून पाहिल्यावर कुठे घसरते ते तरी कळलं.

एकच अडचण उरली. चौथ्या बारमधली क्रॅश (जोरात वाजणारी झांज) आता पुढची किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आली की कचकन तुटते. आवाज दोन केले की राइडचा चिखल परत.

प्रतिसाद १

क्रॅशचा तुकडा वेगळ्या ट्रॅकवर, वेगळ्या सॅम्पलरमध्ये टाका. एकाच आवाजाचा नियम बाकीच्या दहांना, तिला नाही. आणि तिच्यातले लो (खालचे, जाड आवाज) कापून टाका, नाहीतर तिच्याखाली मूळ रेकॉर्डिंगमधली किक गुरगुरत राहील.